'पाठलाग' पुन्हा करायचा तर

'मेरा साया' म्हटलं की साधना आठवते, उदयपूरचा तलाव आठवतो आणि बरेलीच्या बाजारात पडलेला झुमका तर आठवतोच. हा चित्रपट मूळचा मराठी, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. तो किती आपल्याकडचा, हे सांगलीकरांनाही सांगावं लागतं.

राजा परांजपे यांनी १९६४ साली 'पाठलाग' केला, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून. परांजपे जन्माने मिरजेचे. 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे त्यातलं गाजलेलं गाणं ग. दि. माडगूळकरांचं. त्यांचा जन्म आटपाडीजवळच्या शेटफळ्याचा आणि शाळा साताऱ्याकडच्या औंधची. ते गायलं आशा भोसले यांनी, आणि त्यांचा जन्म सांगलीचा. पूर्वी हा सगळा मुलूख संस्थानांत वाटलेला होता: मिरज वेगळं, सांगली वेगळी, आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडे. १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. 'पाठलाग' आला तेव्हा हे नाव जेमतेम चार वर्षांचं होतं.

त्या वर्षीचा मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान 'पाठलाग'ला मिळाला. आदल्या वर्षीचा परांजप्यांच्याच 'हा माझा मार्ग एकला'ने नेला होता. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये 'इदय कमलम्' आला, आणि १९६६ साली राज खोसलांनी 'मेरा साया' केला. म्हणजे दोन वर्षांत दोन भाषांनी ही गोष्ट उचलली. त्यानंतर साठ वर्षं उलटली, पण नव्या प्रेक्षकासाठी ती पुन्हा सांगावी असं मराठीत कोणी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. हिंदीवाल्यांनी निदान झुमक्याचं गाणं तरी झटकून पुसून २०२३च्या 'रॉकी और रानी'त वापरलं. बरेली शहराने तर २०२० साली चौकात भला मोठा झुमकाच उभारला. आपण मिरजेत काय उभारलं, हे विचारायची सोय नाही.

गोष्ट अशी. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. काही दिवसांनी दरोडेखोरांच्या टोळीतली म्हणून एक बाई पकडली जाते. ती हुबेहूब त्याच्या बायकोसारखी दिसते आणि म्हणते, मी तुमचीच बायको. खटला उभा राहतो. नवरा-बायकोशिवाय कोणाला ठाऊक नसावं, असं एकेक ती भर कोर्टात सांगत जाते. 'पाठलाग'मधला नवरा काशीनाथ घाणेकर, आणि बाई भावना.

१९६४च्या प्रेक्षकाला कोर्ट नवं नव्हतं. नानावटी खटल्याने मुंबईच काय, जिल्ह्याजिल्ह्यातले चहाचे कट्टे दोन-तीन वर्षं पेटते ठेवले होते. १९६२ साली अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आलं. तिथे निपाणीचा लखोबा लोखंडे पुरावे ढिगाने समोर असताना छातीठोकपणे सांगतो की तुम्ही म्हणता तो माणूस मी नाहीच. दोन वर्षांनी पडद्यावर एक बाई पिंजऱ्यात उभी राहून नेमकं उलटं सांगते. मजा अशी की लखोबाच्या थापांना प्रेक्षक टाळ्या देतो आणि या बाईच्या खरेपणावर शेवटपर्यंत संशय घेतो. माझ्या मते 'पाठलाग'चं सगळं मर्म इथे आहे आणि नव्याने करणाऱ्याने हात घालायचा तोही इथेच.

पण रिमेकची चर्चा निघाली की पहिला मुद्दा येतो विज्ञानाचा. आज असं होईलच कसं, डीएनए चाचणी केली की झालं! नाही होत. शेवटी उलगडतं ते असं की मेली ती जुळी बहीण. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत वेगळा काढता येत नाही. बोटांचे ठसे मात्र वेगळे असतात. आज आधारच्या यंत्रावर बोट टेकवलं की प्रश्न मिटेल, हे खरं. पण ठशांचं शास्त्र काय आधारबरोबर आलं? कलकत्त्यात ठसे तपासणारी कचेरी १८९७ सालीच निघाली होती. बायकोचे जुने ठसे घरातल्या एखाद्या वस्तूवर शोधावेत, हे १९६४ सालीही एखाद्या हवालदाराला सुचू शकलं असतं. कोणाला सुचलं नाही आणि प्रेक्षकाचंही काही अडलं नाही. तेव्हा नव्या पटकथेतही यंत्र बिघडल्याचं एखादं वाक्य टाकावं आणि पुढे जावं.

शिळं झालंय ते वेगळंच. 'मेरा साया'तला उलटतपासणीचा प्रसंग नीट पाहा. तिला प्रश्न विचारतो तो स्वतः नवराच, म्हणजे सुनील दत्त. साक्षीदारही तोच, वकीलही तोच. ज्या खटल्यात आपल्यालाच साक्ष द्यावी लागेल असं दिसतं, त्याचं वकीलपत्र घेऊ नये, हा वकिलीतला साधा नियम. सातारच्या कोर्टातला कोणताही ज्युनियर उठून हरकत घेईल. पण मला कायद्यापेक्षा टोचतो तो कॅमेरा. आपण सबंध वेळ सुनील दत्तच्या बाजूने बसलेलो असतो. त्याचं दुःख, त्याची घालमेल, त्याची आठवणीतली गाणी. ती खासगीतलं सांगते तेव्हा अवघडल्याची चिंता आपल्याला त्याची वाटते. चारचौघांत तिला आपला संसार सोलून दाखवावा लागतोय, तिचं काय? एवढं सगळं सांगूनही ती अडकते ती मंगळसूत्रापाशी. दागिना सापडला नाही, म्हणून बाई खोटी.

जुना भयपट नव्याने करताना माणसं कुठे चुकतात याचा दाखला म्हणजे गस व्हॅन सँटचा १९९८चा 'सायको'. हिचकॉकच्या मूळ चित्रपटाची चौकटीबरहुकूम नक्कल, फक्त रंगीत. पाहून होतो, पण का केला ते कळत नाही. त्याआधी १९९१ साली स्कॉर्सेसीने 'केप फिअर' केला, तेव्हा एकच खिळा हलवला. १९६२च्या चित्रपटातला वकील निष्कलंक होता. स्कॉर्सेसीच्या वकिलाने आपल्याच अशिलाला वाचवू शकणारा कागद दडपलेला होता. गुंड तोच, सूड तोच, पण प्रेक्षकाला आता आरामात बसता येत नाही. 'पाठलाग'ला असा खिळा हवा असेल तर तो नवऱ्यात आहे. त्याला ती ओळखू येत नाही, की ओळखून घ्यायची नाही? दरोडेखोरांत राहून आलेली बायको प्रतिष्ठित वकिलाने घरात घ्यायची म्हणजे गाव काय म्हणेल, हा हिशेब त्याच्या डोक्यात एकदाही येत नसेल? जुन्या चित्रपटाने हा प्रश्न त्याला विचारलाच नाही.

गाव बदलायला हरकत नाही, फक्त ते खरं असावं. निशिकांत कामतांनी 'दृश्यम' केरळातून गोव्यात आणला तो निव्वळ पोशाख बदलून नव्हे. केबलवाला, पोलीस ठाणं, पणजीची वारी सगळं तिथल्या मातीत रुजवलं. 'पाठलाग' साताऱ्यात आणायचा तर वाईचा घाट आणि मेणवलीचा वाडा दाखवून भागणार नाही, ते 'स्वदेस'पासून इतक्या चित्रपटांत येऊन गेलंय. घोड्यावरचे दरोडेखोरही आता चालणार नाहीत. पण कृष्णाकाठी वाळूचे डंपर रात्री चालतात, खासगी सावकारी चालते. नाही तरी गुन्हेगाराकडे निराळ्या नजरेने पाहायची या भागाची जुनी सवय आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुलं कारागृह काढलं आणि माडगूळकरांनी पुढे 'दो आंखें बारह हाथ'ची कथा लिहिली ती त्याच अनुभवावरून.

मधल्या काळात ही गोष्ट अगदीच विसरली गेली असंही नाही. २०१४च्या 'सौ. शशी देवधर'मध्ये सई ताम्हणकरने जी बाई उभी केली, तिच्याही ओळखीचाच गुंता होता. सईही सांगलीचीच. फरक एवढाच की तिथे गुंत्याची उकल कोर्टाऐवजी मानसोपचाराकडे गेली. जुन्या गोष्टीत वेड्यांचं इस्पितळ नुसतं पळून जाण्यापुरतं येतं. बाईचा कोंडमारा दाखवायचा तर सगळ्यात मोठी जागा हीच, आणि ती साठ वर्षं रिकामी पडली आहे.

आज ती मनोरुग्णालयात गेली, तर २०१७च्या कायद्याने तिला आपला प्रतिनिधी स्वतः निवडता येईल आणि डांबून ठेवल्याची तक्रार मंडळापुढे नेता येईल. मी पटकथा लिहीत असतो तर मध्यंतरानंतरचा सगळा चित्रपट तिथेच ठेवला असता. नवऱ्याच्या मनात उशिरा पाल चुकचुकते. तो गाडी काढून इस्पितळाच्या खिडकीशी येतो, तिचे केसपेपर मागतो. कारकून विचारतो, तुम्ही पेशंटचे कोण? हा म्हणतो, मी नवरा. कारकून निकालाची प्रत पुढे सरकवतो. ही बाई माझी कोणी नाही, असं यानेच त्यात शपथेवर सांगितलेलं आहे. आता नवरा असल्याचा पुरावा त्याने आणायचा, आणि तो खरा की खोटा ते ती सांगणार.