टाकी ते टाकी

पुण्याच्या वेताळ टेकडीचा एक भाग तिथे फिरायला जाणाऱ्यांच्या तोंडी ‘एआरएआय टेकडी’ म्हणून बसला आहे. हे नाव आले ते १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामुळे. मोटारीच्या जाहिरातीतला लिटरमागे बावीस-तेवीस किलोमीटरचा आकडा अशाच संस्थेच्या प्रयोगशाळेत ठरतो. गाडी रोलरवर जागच्या जागी धावते. चाचणी १,१८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडी कमी. त्या वेळात साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर होते, वेग कधीच ताशी नव्वदच्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. हवेचा अडथळा रोलरवर भार टाकून आणला जातो. खड्डा, पाऊस, सिग्नल तोडून आडवा येणारा दुचाकीस्वार मात्र तिथे नसतो.

आकडा खोटा नसतो. सगळ्या गाड्यांना एकाच फूटपट्टीने मोजले, तर दोन गाड्यांची तुलना करता येते, आणि त्याचा खरा उपयोग तेवढाच. घरासमोर उभी असलेली गाडी किती ॲव्हरेज देते, हे मात्र मालकालाच काढावे लागते.

त्याची पद्धत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची आहे. टाकी फुल्ल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची, पुन्हा फुल्ल करायची. झालेल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरांनी भागायचे. पंपाची नळी ‘ऑटो कट’ झाली की तिथेच थांबायचे. गळ्यापर्यंत पेट्रोल भरून घेण्याच्या हौसेने हिशेब तर बिघडतोच, शिवाय जास्तीचे पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरून तोही निकामी होऊ शकतो. पण ऑटो कटसुद्धा दर वेळी नेमक्या त्याच पातळीला होत नाही. पंप बदलला, गाडी थोडी कलती उभी राहिली, तरी अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होते. दहा लिटरांच्या हिशेबात एका लिटरची चूक म्हणजे दहा टक्के. तीच चूक शंभर लिटरांवर एक टक्का उरते. म्हणून एका टाकीवरून निकाल देऊ नये. दोन-तीन महिने लिटर आणि किलोमीटर वहीत लिहीत जावे आणि शेवटी एकदाच भागाकार करावा.

बेरजा आधी आणि भागाकार नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. समजा, गाडी शहरात १२० किलोमीटर चालली आणि लिटरला १२ दिले; हायवेवर तेवढीच चालली आणि २० दिले. अनेक जण बारा आणि वीसची सरासरी काढून १६ म्हणतात. प्रत्यक्षात शहरात दहा लिटर गेले, हायवेवर सहा. एकूण २४० किलोमीटरांना सोळा लिटर, म्हणजे ॲव्हरेज पंधराच.

डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो थोडा फुगलेला निघतो. टाकीच्या हिशेबाशी त्याचा फरक एकदा कळला, की पुढे तो तेवढा कमी करून वाचता येतो. टायरही हिशेबात येतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी सहा मिलिमीटर झिजली, की व्यास बारा मिलिमीटरने घटतो आणि ओडोमीटर अंतर दोन टक्के जास्त दाखवू लागतो.

मुंबई-पुणे रस्ता या विषयाची उत्तम शाळा आहे. मुंबई समुद्रालगत, पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर. माणसे-सामानासह १,२०० किलो भरणारी गाडी तेवढी वर न्यायला साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये ती बत्तीसच्या आसपास असते, पण चाकांपर्यंत पोचते जेमतेम पंचवीस ते तीस टक्के. म्हणजे नुसत्या चढणीला पाऊण लिटर. सपाटीवर अठरा देणारी गाडी दीडशे किलोमीटरच्या या प्रवासात साडेसोळावर येते. परतताना हे सगळे वसूल होत नाही, कारण बोरघाटात बराचसा भाग ब्रेक तापवण्यात जातो. आणि उतारावर न्यूट्रल टाकणे सोडूनच द्यावे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधन जवळपास बंद होते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. बचत नाहीच, वर घाटात इंजिनाचा आवरही जातो.

घाट संपल्यावर वेगाचा खर्च सुरू होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. शहरात उलटे: हिंजवडीच्या वाटेवर अडकलेली छोटी पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते, एसी लावला तर आणखी. त्या वेळात किलोमीटर शून्य.

आता पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणाचा परिणाम किती, यावर नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अंदाज आहेत: मूळ निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीत सहा-सात टक्के घट, वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीत एक-दोन टक्के. अठराच्या ॲव्हरेजवर सहा टक्के म्हणजे किलोमीटरभर. जुनी वही असलेल्यालाच ही घट ओळखू येईल. बाकीचे मेकॅनिकशी वाद घालत बसतील.

लिटरमागे किलोमीटर मोजण्याच्या आपल्या रीतीत एक फसगतही दडलेली आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ती दाखवून दिली. जुनी गाडी १० वरून १२.५ वर आली, तर हजार किलोमीटरमागे वीस लिटर वाचतात. दुसरी २० वरून थेट २५ वर गेली, तरी दहाच. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असे मोजतात. त्यात हा फरक लगेच दिसतो. घरात दोन गाड्या असतील, तर लक्ष आधी जास्त पिणारीकडे द्यावे.

आणि रस्ता, माणूस, ऋतू तेच असताना वहीतला आकडा एकाएकी खाली आला, तर गाडी गॅरेजला न्यायच्या आधी टायरची हवा बघावी, तीही गाडी थंड असताना. मग फेरफटका मारून आल्यावर रिमजवळ हात न्यावा, टेकवू नये. एका बाजूची रिम दुसऱ्या बाजूच्या जोडीदारापेक्षा बरीच जास्त तापलेली जाणवली, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटून राहतो आहे, आणि गाडी पळते आहे ती ब्रेक दाबलेला असतानाच.