ड्यूटी संपते, काम संपत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवसभर राबल्यावर येणारा थकवा वाईट नव्हे. जेवण गोड लागतं, अंथरुणाला पाठ टेकताच डोळा लागतो आणि सकाळी माणूस पुन्हा ताजातवाना होतो. पण काही जण आठ तास झोपूनही थकलेलेच उठतात. रविवारच्या संध्याकाळीच सोमवारच्या विचारानं त्यांच्या पोटात गोळा येतो. हा नुसता थकवा नाही. याला ‘बर्नआउट’ म्हणतात. देवापुढची समई आठवा. तेल असतं तोवर तेल जळतं. तेल संपलं की वातच जळू लागते. उजेड मात्र थोडा वेळ तसाच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली या अवस्थेवर लेख लिहिला. दिवसाचा व्यवसाय आटोपून ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात सेवेला जात. तिथं हौसेनं आलेले स्वयंसेवक काही काळानं चिडचिडे आणि कोरडे होतात, हे त्यांनी पाहिलं. स्वतः त्यांनाही तोच अनुभव आला. म्हणजे कामचुकार नव्हे, कामात जीव ओतणारी माणसंच आधी करपतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिची लक्षणं तीन. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातल्या दुसऱ्या लक्षणाला आपण ‘पाट्या टाकतोय’ म्हणून नावं ठेवतो आणि मोकळे होतो.

मी सत्तावीस वर्षं परिचारिका होते. आमच्या वॉर्डात एक सिस्टर होत्या. प्रत्येक रुग्णाला आजी, काका म्हणून हाक मारणाऱ्या. पुढं त्या ‘सहा नंबर’, ‘अकरा नंबर’ असं खाटेच्या आकड्यानं बोलू लागल्या. साठ खाटांना रात्री आम्ही दोघीच असायचो. एका रात्री औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मला आता कुणाची कीवच येत नाही हो.”

त्या रजा घेऊन गावी गेल्या, हसऱ्या चेहऱ्यानं परतल्या आणि महिन्याच्या आत पुन्हा तशाच झाल्या. यात नवल नाही. मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या संशोधकांनी १९९७ साली कारकुनी काम करणाऱ्यांच्या पाहणीत हेच नोंदवलं होतं. सुट्टीनं आलेला आराम तीन आठवड्यांत ओसरला होता. सुट्टी हवीच, पण तेल रोज थोडं थोडं घालावं लागतं.

ते कसं? रुग्णालयात ड्यूटी संपताना आम्ही ‘चार्ज’ देतो. कुणाचं सलाइन कधी बदलायचं, कुणाचा ताप किती, सगळं लिहून आणि सांगून पुढच्या सिस्टरच्या हवाली करतो. मनाला मात्र आपण असा चार्ज देऊ देत नाही. पोळ्या लाटताना वॉर्ड डोक्यात आणि वॉर्डात मुलीची परीक्षा डोक्यात. म्हणून निघण्यापूर्वी पाच मिनिटं काढा. उद्याची कामं वहीत लिहा आणि वही मिटा. घरी आल्यावर हातपाय धुऊन कपडे बदला, फोन बाजूला ठेवा. काम तिकडे राहिलं, ही खूण मनाला पटायला काही दिवस लागतात.

मग शरीर. झोपण्या-उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवा. रात्रपाळी असेल तर दिवसा खोलीत जाड पडदा लावून अंधार करा. संध्याकाळनंतर चहा टाळा. जेवण चुकवू नका. रोज वीस-तीस मिनिटं उघड्यावर चाला, घाम निघालाच पाहिजे असं नाही. मन फार धावू लागलं तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्याचा हा फायदा. आठवड्यातून एकदा तरी कामाचा नसलेला विषय बोलणाऱ्या माणसाला भेटा. आधीच थकलेल्या माणसानं हे सगळं एकदम सुरू करू नये. एक गोष्ट धरावी, ती अंगवळणी पडली की दुसरी.

रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह यांनीही असाच थकवा येतो, तेव्हा तपासणी आधी करून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा डॉक्टरांकडे लगेच जा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य आहे.

मात्र साठ खाटांना दोनच सिस्टर राहिल्या, तर प्राणायाम कुठवर पुरणार? ख्रिस्टिना मास्लाख आणि मायकेल लायटर हे अभ्यासक बर्नआउटचं मूळ माणसात नव्हे, तर माणूस आणि काम यांच्या न जुळण्यात शोधतात. बेसुमार भार, हातात अधिकार नसणं, कौतुक नसणं, अन्याय. आमच्या सिस्टरना आम्ही मेट्रनबाईंकडे घेऊन गेलो, सलग रात्रपाळ्या कमी करून घेतल्या. सात-आठ महिन्यांनी त्या पुन्हा ‘आजी’ म्हणताना ऐकू आल्या.

आणि ज्यांची ड्यूटी कधी संपतच नाही त्यांचं काय? अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करणारी सून चार्ज कुणाला देणार? तो घरातल्या कुणीतरी आपणहून मागून घ्यावा लागतो. आठवड्यातली एक दुपार तरी तिला म्हणा, “औषधं कुठली ते सांग आणि तू जा.” ती गेल्यावर मात्र तिला फोन करून चमचा कुठं आहे ते विचारू नका.