तैवानने ठेवलेला मास्कचा हिशोब

२४ एप्रिल २००३ रोजी तैवानची राजधानी तैपेई येथील होपिंग रुग्णालय अचानक सील करण्यात आले. आत सार्स पसरला होता. रुग्ण, परिचारिका, भेटीस आलेले आप्त असे हजाराहून अधिक लोक आतच अडकले. हा प्रसंग त्या देशाने विस्मरणात जाऊ दिला नाही. पुढच्याच वर्षी साथीच्या काळात सर्व सूत्रे एका हाती राहावीत, यासाठी मध्यवर्ती नियंत्रण केंद्र स्थापन झाले.

म्हणूनच ३१ डिसेंबर २०१९ रोजी वुहानमधील अनोळखी न्यूमोनियाची वार्ता येताच, त्याच दिवशी तेथून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची तपासणी सुरू झाली.

व्यापारी कुटुंबांनी लक्षपूर्वक पाहावा तो मास्कचा कारभार. जानेवारीत मास्कची निर्यात थांबविण्यात आली आणि कारखान्यांतील उत्पादन सरकारने आपल्या ताब्यात घेतले. ६ फेब्रुवारी २०२० पासून आरोग्य विम्याचे कार्ड दाखवून औषधाच्या दुकानात प्रत्येक प्रौढास आठवड्याला दोन मास्क मिळू लागले. एकाची किंमत पाच तैवानी डॉलर. ओळख क्रमांकाचा शेवटचा अंक विषम असेल तर एक दिवस, सम असेल तर दुसरा. सहा हजारांहून अधिक दुकानांतील शिल्लक साठ्याची माहिती ऑड्री टांग या मंत्र्यांच्या पुढाकाराने सर्वांस खुली झाली आणि हौशी संगणकतज्ज्ञांनी तिचे नकाशे तयार केले. कोणत्या दुकानात किती माल आहे, हे घरबसल्या दिसू लागल्यावर साठेबाजीला वाव तो कितीसा उरणार? दरम्यान यंत्रांसाठी सरकारने पैसा पुरविला, यंत्रनिर्मात्यांनी कारागीर दिले, आणि रोजचे उत्पादन सुमारे १९ लाखांवरून मार्चअखेर एक कोटीपर्यंत गेले.

वाट्याला गुलाबी मास्क आल्याने शाळेत चिडवतील, अशी भीती एका मुलाला वाटत होती. ते कळल्यावर आरोग्यमंत्री चेन शिह-चुंग आणि त्यांचे सहकारी पत्रकार परिषदेत गुलाबी मास्क लावूनच बसले! नियम पाळावेत असे लोकांना वाटते ते अशाने.

भारतातही मार्च २०२० मध्ये तिपदरी मास्कचा कमाल दर दहा रुपये ठरविण्यात आला होता. दर बांधला गेला. कोणाच्या वाट्याला किती माल, हे मात्र बांधले गेले नाही. अर्थात, २.३ कोटींचे बेट आणि १३० कोटींचा देश यांना एकच माप लावणे अन्यायाचे ठरेल.

२०२० या संपूर्ण वर्षात तैवानमध्ये कोविडने सात मृत्यू झाले. अडीचशेहून अधिक दिवस स्थानिक लागण एकही नव्हती. परंतु या यशानेच गाफीलपणा आला. विमान कर्मचाऱ्यांच्या विलगीकरणाचे दिवस कमी करण्यात आले आणि लशींची खरेदी रेंगाळली. मे २०२१ मध्ये संसर्ग उसळला, तेव्हा शंभरात जेमतेम एकाला लस मिळाली होती. ४ जून रोजी जपानने पाठविलेल्या सुमारे १२ लाख ४० हजार मात्रा तैपेईजवळच्या विमानतळावर उतरल्या, तेव्हा कोठे लसीकरणास वेग आला.