मराठी वेबसाइट वाचनीय कशी करावी?

पहिली वेबसाइट तयार करताना सजावटीआधी वाचकाचा विचार करावा. तो बहुधा मोबाइलवर आणि घाईत वाचत असतो. दुकानाची साइट असेल, तर पत्ता, वेळ आणि फोन नंबर पहिल्याच स्क्रीनवर दिसायला हवेत.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर अगम्य चिन्हे होऊन उमटतो आणि गुगलवर शोधूनही सापडत नाही. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात. त्यामुळे अक्षरे किमान १६ पिक्सेलची ठेवावीत आणि ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या दीडपट तरी असावी. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे चांगले फॉन्ट मोफत मिळतात.

अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे डब्ल्यूसीएजी हे वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरे त्यात बसत नाहीत. महत्त्वाची माहिती केवळ चित्रात देऊ नये, प्रत्येक चित्राला लेखी वर्णन जोडावे. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो. साइट लवकर उघडावी म्हणून फोटोही आकाराने लहान करूनच चढवावेत.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना साइट उघडून द्यावी आणि काहीही न सुचवता फोन नंबर शोधू द्यावा. ते जिथे अडतील, तिथे दुरुस्ती करावी.