मडगार्ड कापण्याआधी

बॉबकट म्हणजे काय ते मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. मानेवर रुळणारे केस कानाच्या पाळीशी आणून सोडले की झाला बॉबकट. मोटरसायकलीतला ‘बॉबर’ हा त्याच घराण्यातला शब्द. अमेरिकेत १९३०च्या दशकात पोरं गाडीचं पुढचं मडगार्ड काढून टाकायची, मागचं अर्ध्यावर आणायची आणि त्याला ‘बॉब-जॉब’ म्हणायची. वजन घटलं की गाडी पळते, एवढाच हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या हार्ले स्वस्तात सुटल्या आणि परतलेल्या सैनिकांनी हा नाद वाढवला. चॉपरवाला पुढचा फोर्क लांबवतो, चेसी कापून जोडतो. बॉबरवाला काढत जातो. मला हे काढणं जास्त अवघड वाटतं, कारण जोडलेलं चुकलं तर दिसतं. काढलेलं चुकलं तर सहा महिन्यांनी कळतं.

सुप्यात ते लवकर कळतं. पुणे-नगर रस्त्यावरचं हे गाव, पारनेर तालुक्यातलं. डोंगरावर पवनचक्क्या, रस्त्याला एमआयडीसी, दिवसभर ट्रेलरची ये-जा. आठ महिने कोरडी धूळ, आणि पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा रस्त्याकडेची माती चाकाला घट्ट धरते. या रस्त्याची आणखी एक गंमत मला फार आवडते. त्याच्या एका टोकाला पुण्याची एआरएआय आहे, दुसऱ्या टोकाला नगरची व्हीआरडीई. देशात विकायच्या वाहनाचा नमुना आधी अशा मान्यताप्राप्त संस्थेतून पास व्हावा लागतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमात या दोघींची नावं आहेत. म्हणजे शोरूममधल्या गाडीवरचं मडगार्ड, आरसा, साडीगार्ड कुणीतरी तपासून तिथे ठेवलेलं असतं. आपण सुप्यात, या दोन संस्थांच्या मध्ये बसून, हातात ग्राइंडर घेतो.

आपल्याकडे बॉबर करायला सगळ्यात सोयीची गाडी कोणती, असं विचारलं तर मी बजाजची ॲव्हेंजर सांगेन. २००१ साली कावासाकी-बजाजची १७५ सीसीची एलिमिनेटर आली. तिचाच वारसा घेऊन २००५ मध्ये ॲव्हेंजर, आणि २०१०ला तिचं २२० सीसीचं रूप. सीट मुळात खाली, मागचं चाक पंधरा इंचाचं, त्यावर १३०चा जाड टायर. बॉबरचं निम्मं काम कंपनीतच झालेलं. शिवाय सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, हे कुठल्याही परदेशी गाडीबद्दल म्हणता येणार नाही.

मागचं मडगार्ड छोटं करायचं काम कारागिराची परीक्षा घेतं. खडूने रेघ मारून पत्रा कापणं कुणालाही जमतं. जाणता माणूस आधी मागचे दोन्ही शॉकअप काढतो, चाक हाताने वर उचलतो आणि खड्ड्यात आदळल्यावर ते कुठवर येईल ते बघतो. मग टायरवरून जुनी चेन आडवी टाकतो, तिच्यावर मडगार्ड टेकवतो आणि तेवढ्याच अंतरावर पट्टी बसवतो. चेन काढली की टायर आणि पत्रा यांच्यात सगळीकडे सारखी फट राहते. सुंदर दिसते ती हीच फट. नवशिके ती डोळ्यांच्या अंदाजाने ठेवतात, आणि मग पहिल्याच स्पीडब्रेकरवर पत्रा टायरला घासतो. वेल्डिंग लागणारच असेल तर बॅटरी सुटी करायची. इंजेक्शनच्या गाडीत तर ईसीयूचा कनेक्टरही काढून ठेवायचा.

एका गोष्टीला मात्र मी कळवळून विरोध करतो: एअर फिल्टरचा डबा काढून उघडा गोल फिल्टर लावणं. दिसायला छान, आवाज भारी, पण सुप्याच्या धुळीत तो फिल्टर म्हणजे उघडं दार. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. कार्बोरेटरच्या गाडीचा प्लग काढला तर टोक पांढरं पडलेलं दिसतं. बारीक धूळ आत गेली की बोअर घासतो, गाडी ऑइल खायला लागते आणि सायलेंसरमधून निळसर धूर येतो. त्या दुरुस्तीचा खर्च सगळ्या बॉबरकामापेक्षा जास्त होऊ शकतो.

कायद्याचंही स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मालकाला गाडीच्या नोंदणीतल्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. १२३वा नियम म्हणतो की मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या गाडीला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारी आड हवी, कपडा अडकू नये म्हणून. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात ज्याने पाहिलेत तो या नियमाला जाच म्हणणार नाही. बॉबर कंपन्याही विकतात. २०१९च्या जावा पेराकला मागची सीटच नाही. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या नावाने गोअन क्लासिक ३५० आणली, तिची तरंगती सीट, आऱ्यांच्या चाकात ट्यूबलेस टायर. कंपनीने केलेला बॉबर मंजुरी घेऊनच येतो. घरी करणाऱ्याच्या आरसीवर मात्र आसनक्षमता दोनच लिहिलेली असते.

म्हणून मी बोल्ट सोडून परत बसवता येईल एवढंच काम धरतो. चेसीला ग्राइंडर लावत नाही.

मग उरते निगा, आणि छोट्या मडगार्डच्या गाडीला ती दुप्पट लागते. माती थेट चेनवर येते, म्हणून चेन लवकर लवकर रॉकेलने ब्रशने घासायची, पुसून कोरडी करायची आणि आतल्या बाजूने नव्वद नंबरचं ऑइल सोडायचं. जास्त सोडलं तर धूळ चिकटून त्याचाच पॉलिशपेपर होतो. मग आरे. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, चाक हळूहळू फिरवायचं आणि पान्याच्या दांड्याने एकेका आऱ्यावर टिचकी मारत जायचं. ताणलेला आरा टणकन वाजतो, सैल आरा थप्प करतो. सैल सापडला की तोच एकटा आवळायचा नाही. समोरचे, शेजारचे बघून पाव-पाव फेरा द्यायचा, नाहीतर चाकाला आऊट येतो. हे ऐकण्याचं काम मी पहाटे करतो, रस्त्यावर ट्रेलर सुरू व्हायच्या आत.

माझ्या गाडीचं मूळ मडगार्ड, कडी आणि साडीगार्ड माळ्यावर आहेत, बारदानात गुंडाळून, बोल्ट वेगळ्या डब्यात. पहिल्या वर्षी जूनमध्ये छोट्या मडगार्डनिशी नगरला गेलो आणि परतल्यावर बायकोने शर्टाच्या पाठीवरचा मातीचा पट्टा कमरेपासून कॉलरपर्यंत बोटाने दाखवला. मागून येणाऱ्याच्या काचेवरही तोच गेला असणार. तेव्हापासून मृगाच्या आधी ते बारदान खाली येतं.