चिपला विचारायचा पहिला प्रश्न

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. मालकांनी मला हाताला धरून सातव्या मागापाशी नेलं, दोन टॉवेल एकमेकांवर ठेवले आणि कानाशी येऊन म्हणाले, "आखूड यायलाय बघा, सर. कालपासनं अर्धा इंच."

त्या मागावरचं मोजणीचं कार्ड मी बनवलेलं. बाण्याचा धागा एकदा आडवा गेला की एक पिक. प्रत्येक पिकाला सेन्सर एक पल्स देतो, कार्ड ती मोजतं आणि ठरलेल्या आकड्याला बॉर्डर सुरू करायचा इशारा देतं. या टॉवेलला इंचाला ४० पिक. अर्धा इंच आखूड म्हणजे कार्डानं २० पिक जास्त मोजलेले.

चादरीच्या जुन्या जकार्डवर अशी चूक डोळ्यांना दिसायची. नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांनी उतरवलेली असे. संशय आला की कार्ड उजेडासमोर धरायचं, चुकलेलं भोक सापडायचं. आता सगळा हिशेब नखाएवढ्या चिपच्या पोटात. तिथं डोकावायचं साधन म्हणजे डीबगर: काडेपेटीएवढी डबी, एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला पाच तारा.

माझ्या पेटीत अशा चार डब्या आहेत, कारण एक सगळ्यांना चालत नाही. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथला दुकानदार गिऱ्हाइकाचे पहिले दोन शब्द ऐकतो आणि मराठी, तेलुगू, कन्नड की उर्दू ते ठरवतो. चिपांचंही तसंच. एआरएम जातीच्या बहुतेक छोट्या प्रोसेसरांशी एसडब्ल्यूडी या दोन तारांच्या पद्धतीनं बोलता येतं. जुन्या काही एव्हीआर चिपा रीसेटच्या एकाच तारेवरून बोलतात. पिक नावाच्या चिपांची (मागाच्या पिकांशी यांचा संबंध नाही) भाषा निराळी, तिला पिककिट लागतं. सर्वांत जुनी सामाईक भाषा जेटॅग. १९८५ साली जमलेल्या गटानं ती आखली, १९९० मध्ये तिचं मानक झालं. मूळ हेतू बोर्डावरचे सांधे नीट जुळलेत का हे तपासण्याचा. पुढं त्याच दारानं लोक प्रोसेसरच्या आत शिरले.

भाषा जुळली म्हणजे काम झालं असं नाही. त्याआधी व्होल्टेज जुळावं लागतं. पाच तारांतली एक निव्वळ त्यासाठी असते: बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे की १.८ चा, हे चांगला डीबगर तिच्यावरून ओळखतो आणि त्याच पातळीवर बोलतो. ती तार सोडून दिली की कधी जोडणी होते, कधी होत नाही, आणि माणूस दिवसभर प्रोग्रामला दोष देत बसतो. मग चिपनं दार उघडं ठेवलेलं असावं लागतं. प्रोग्राम सुरू होताच एसडब्ल्यूडीच्या दोन पिना दुसऱ्या कामाला लावत असेल, तर रीसेट दाबून धरूनच आत शिरावं लागतं. कुलूप लावलेली चिप असेल तर आणखी जपावं लागतं, कारण अनेक चिपांमध्ये कुलूप काढताच आतला प्रोग्राम पुसला जातो. दुसऱ्याच्या बोर्डावर हे विचारल्याशिवाय करू नये.

मी माग थांबवायला सांगितला, तारा जोडल्या. लॅपटॉपवर ओपनओसीडी हे मुक्त सॉफ्टवेअर. जोडणी होताच ते चिपला पहिला प्रश्न विचारतं: तू कोण? एसटीएम३२एफ१०३ या चिपकडून उत्तर यायला हवं १बीए०१४७७. आलं २बीए०१४७७. आठ अक्षरांत एकाचा फरक, आणि सॉफ्टवेअरनं काम थांबवलं.

चिपवर छापलेलं नाव बरोबर होतं. पण हे कार्ड २०२१ च्या खेपेतलं. तेव्हा जगभर चिपांचा तुटवडा होता, आणि मिळेल तिथून मी माल घेतला होता. दुसरा आकडाही एआरएमच्याच रचनेचा, अनेक खऱ्या चिपांत असतो. फक्त या नावाच्या चिपमध्ये तो असायला नको. माझ्या हातात नक्कल होती.

अशा वेळी सोपी वाट असते. सेटिंगच्या फाइलमध्ये अपेक्षित आकडा बदलायचा, की तक्रार बंद. मीही तो बदलला, पण आधी चिपनं दिलेला आकडा वहीत लिहून ठेवला. डीबगरचा नकार ही या कामात हाती येणारी पहिली खरी माहिती असते. ती गप्प केली की पुढचा दोष चिपचा, तारेचा की माझ्या प्रोग्रामचा, हे वेगळं करता येत नाही.

मग माग चालू करायला सांगितला. चालत्या मागावर प्रोसेसर थांबवायचा नसतो. मोटर फिरत राहते आणि मोजणी मात्र बंद पडते. पण एसडब्ल्यूडीवरून प्रोसेसर न थांबवताही मेमरी वाचता येते. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवला, म्हणजे मोटरच्या लाइनचा गोंधळ त्या वाटेनं आत येऊ नये. शेवटच्या पल्सांच्या वेळा प्रोग्राम साठवून ठेवतोच. त्या वाचत बसलो. माग मिनिटाला १२० पिकांचा, म्हणजे दोन पल्सांमध्ये अर्धा सेकंद हवा. बहुतेक ठिकाणी तेवढाच होता. मधूनच एक पल्स आधीच्या पल्सनंतर ३ मिलिसेकंदांत आलेली. एवढ्या वेळात धोटा पलीकडे पोचूच शकत नाही.

संशय नकली चिपवर जाणं साहजिक होतं. म्हणून खऱ्या चिपचं कार्ड त्याच मागावर बसवलं. पल्सा तशाच दुहेरी. चिप नकली होती, पण हा गुन्हा तिचा नव्हता. आदल्या दिवशी दुरुस्तीत सेन्सरची तार मोटरच्या केबलला बांधली गेली होती. ती वेगळी केली, आणि अशक्य इतक्या लवकर आलेली पल्स मोजायची नाही एवढी भर प्रोग्राममध्ये घातली. दुपारी मालकांनी पुन्हा दोन टॉवेल एकमेकांवर ठेवले. कडा जुळल्या.

मग मी त्यांना चिपचं सांगितलं. "चालायलंय की, मग कशाला बदलता?" ते म्हणाले. मी म्हटलं, चिपच्या मापांचा कागद माझ्याकडे आहे तो खऱ्या चिपचा. हिच्याबद्दल उन्हाळ्यात, उष्ण शेडमध्ये, मी कशाच्या जोरावर शब्द देऊ? त्या खेपेतली सगळी कार्डं परत आणली, एकेक डीबगरला लावलं. जिथं आकडा चुकला तिथली चिप माझ्या खर्चानं बदलली.

तेव्हापासून कार्ड जागा वाचवण्यासाठी कितीही लहान केलं, तरी त्या पाच पिनांची जागा कापत नाही. आणि प्रोग्राम भरण्याआधी प्रत्येक कार्डाच्या क्रमांकापुढं वहीत एक आकडा लिहितो: चिपनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेला.