मेंढपाळांचे वाडे आणि गावचे गायरान

दिवाळीनंतर फलटण, बारामती भागातील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाड्यात अनेक कुटुंबांचे कळप असतात. कुठे चारायचे, किती दिवस थांबायचे हे जाणती मंडळी ठरवतात. मुक्काम थोडे दिवसच असल्याने गवताला पुन्हा फुटायला वेळ मिळतो. भातकापणीनंतर शेतात मेंढ्या बसवल्यास लेंडीखत व मूत्र जागेवरच मिळते.

गायरान आणि जुन्या वाटा बंद झाल्या की कळप उभ्या पिकात शिरतो व भांडणे होतात. त्यामुळे ग्रामसभेत गायरानाची हद्द व वाट निश्चित करा. पावसाळ्यात गायरानाचा एक भाग गवत बी धरेपर्यंत राखा. दरवर्षी भाग बदला. मेंढ्या बसवण्याचे दिवस आणि मोबदला वाड्याशी आधीच ठरवा.